परातीतली कीड

आमच्या गावात दाढ दुखली की माणूस आधी आमच्या घरी यायचा. माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे. निलंगा तालुक्यातल्या या गावात मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर ओसरीवर दोन कपाटांचं वाचनालय मांडलं. तरी कुणी पाहुण्यानं पत्ता विचारला तर लोक ‘दाढवाल्या आईचं घर’ असंच सांगत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

नागूबाई दाढेतली कीड काढायची. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, उदगीरला, लग्नाआधी. परातीत पाणी घ्यायचं, मधे वीट ठेवायची, विटेवर चुलीत लाल केलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर तेलात भिजवलेलं भुईरिंगणीचं बी टाकायचं आणि वर बुडाला भोक पाडलेलं गाडगं पालथं घालायचं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ. दुखणेकऱ्यानं देठ तोंडात धरून धूर दाढेवर घ्यायचा, लाळ परातीत गळू द्यायची. पाच-सात मिनिटांनी गाडगं उचललं की पाण्यावर बारीक पांढऱ्या किडी तरंगताना दिसत. दुखणेकरी त्या बघायचा आणि तिथंच त्याचं निम्मं दुखणं उतरायचं. ती एक पैसा घेत नसे. आम्हाला मूल झालं नाही, पण त्यावरून तिला तोंडावर कुणी कधी बोललं नाही. गावातल्या प्रत्येक घरातली एक तरी दाढ तिच्या हाताखालून गेलेली होती.

देठ तोडून आणायचं काम माझं. परसात त्यासाठीच पपईचं झाड लावलेलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी शाळेला वनस्पतींवरच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यातल्या एका पुस्तकात एक बारीकशी टीप होती: काही बियांना एकदम आच लागली की त्यांच्या पोटातला पांढरा कोंब उडून बाहेर पडतो आणि तो अळीसारखा दिसतो. मी ती टीप पुन्हा पुन्हा वाचली. नागूबाई माहेरी गेली होती. मी परात मांडली, लोखंड तापवलं, बी टाकलं, गाडगं ठेवलं. देठ लावला नाही. कुणाचं तोंड नव्हतं, कुणाची दाढ नव्हती. थोड्या वेळानं गाडगं उचललं, तर पाण्यावर किडी होत्या. तेवढ्याच, तशाच.

ते पाणी मी पपईच्या बुडाशी ओतलं आणि परात घासून जागेवर ठेवली. ती माहेराहून आल्यावर सांगू असं ठरवलं होतं. ती आली, तेव्हा दारात एक बाई गाल धरून बसलेली होती. मी देठ तोडायला गेलो.

मनाला समजावत राहिलो. किडलेली दाढ आज ना उद्या माणूस उपटून टाकतोच. धुरानं घटकाभर बधीर होत असेल, तेवढाच आराम. कुणाचं काय बिघडतं?

गुरुलिंगचं घर आमच्या घराला लागून. त्याची मुलगी अक्षरा माझ्या वाचनालयाची एकुलती एक खरी वाचक. बाकीचे पेपर वाचायला येत. ती तिसरीत असल्यापासून पुस्तकं नेई आणि परत करताना त्यावर माझ्याशी भांडे. आता नांदेडला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. यंदा दिवाळीला आली ती डाव्या जबड्याला हात लावूनच. शेवटची दाढ वर येत होती.

भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती ओसरीवर आली. नागूबाई आत भांडी घासत होती.

“काय गं,” नागूबाई आतूनच म्हणाली, “यमे करून राहिली अन् आक्कलदाढ आता येऊन राहिली व्हय?”

“हाव आज्जी. तुमच्या गुर्जींची पुस्तकं वाचून उशीर झाला.”

“त्यांची कवा आली ते त्यांनाबी ठावं नसंल. उंद्या आईतवार हाय. सकाळच्याला ये, कीड काढते. एका धुरीत मोकळी व्हशील.”

अक्षरानं आवाज उतरवला. “गुर्जी, उद्या सकाळची नांदेडची गाडी आहे. होस्टेलजवळ दातांचे डॉक्टर आहेत, मैत्रिणीनं दाखवलं होतं त्यांना. आई म्हणते, आधी आज्जीकडून काढून घे, मग बुधवारी जा. मी काय करू?”

“दुखतंय फार?”

“दाढेवर मांस आलंय. जीभ लावली की घाण चव येते. गिळताना कानात कळ जाते.” मग ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही एवढं वाचलंय. दाढेत खरंच कीड असते का हो?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. राखेचा हात तसाच धरून नागूबाई ऐकत असणार हे मला न बघताच कळलं.

“असते म्हणतात,” मी म्हणालो.

“तुम्ही काय म्हणता?”

“लोकांना गुण येतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मान हलवून म्हणाली, “बरं. मग उद्या येते. तुम्ही म्हणताय तर.” आत भांडी पुन्हा वाजायला लागली.

रविवारी सकाळी मी देठ तोडून दिला. धूर लागून अक्षराच्या डोळ्यांतून पाणी आलं. किडी निघाल्या. तिची आई शरणम्मा परातीत वाकून म्हणाली, “अय्यो यव्वा, किती गं ह्या!” अक्षरानं परातीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसली. माझ्यावर विश्वास ठेवला ते बरं केलं, अशा अर्थाचं ते हसणं होतं, असं मला वाटलं. माझं चुकतही असेल.

सोमवारी तिला बरं वाटलं. मंगळवारी गाल सुजला. बुधवारी तोंड दोन बोटांएवढंही उघडेना. गाडी राहिली. नागूबाई म्हणाली, खोल बसलेली एखादी राहिली असंल. तोंड उघडत नव्हतं, म्हणून धुरी देता येईना. मग तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गाल शेकायला सांगितलं. शरणम्मा दिवसभर शेकत होती.

बाहेरून शेक दिला तर आतला पू पसरतो हेही मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवेना. आठवेना म्हणून खात्री वाटेना, आणि खात्री नसताना बोलावं कसं, असं मी स्वतःशीच घोळवत बसलो. शेवटी दुपारी चिठ्ठी लिहिली:

‘अक्षरा, दाढेत कीड नसते. ते बियांचे कोंब असतात. शेकणं बंद कर आणि आजच निलंग्याला दातांच्या डॉक्टरकडे जा. मी सांगितलं असं आज्जीला कळू देऊ नकोस.’

ती घडी घालून मी एका प्रवासवर्णनाच्या पुस्तकात ठेवली. नवं आलेलं पुस्तक होतं, ती लगेच उघडेल असं वाटलं. शरणम्मा दारात आली तेव्हा तिच्या हाती दिलं. “पडल्या पडल्या चाळेल,” म्हणालो. याहून जास्त काही म्हणालो नाही.

गुरुवारी बघायला गेलो. पुस्तक तिच्या उशाशी होतं. सूज गालावरून हनुवटीखाली उतरली होती, अंग तापलं होतं. मी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं हात थोडा उचलून पुस्तकाला लावला. तिनं चिठ्ठी वाचली असं मी धरून चाललो. वाचूनही जायचं नाही असं तिनंच ठरवलं असेल, किंवा गुरुलिंग संध्याकाळी नेणार असेल.

गुरुलिंग दारात उभा होता. “गुर्जी, शेकून राहिलो. सूज खाली उतरली म्हंजी वरचं मोकळं झालं म्हनायचं न्हवं?”

“डॉक्टरला दाखवलं तर…” मी म्हणालो.

“आईतवारी वैनी पुन्यांदा बगते म्हनल्या. त्यांच्या हाताला गुण हाय.”

“हो,” मी म्हणालो. “गुण आहे.”

शुक्रवारी सकाळी शरणम्माच्या ओरडण्यानं आम्ही धावलो. अक्षरा उठून बसली होती, कारण आडवं पडलं की श्वास कोंडत होता. लाळ गिळता येत नव्हती, ती ओठातून गळत होती. मान आणि जबडा एक झालेले. गावातली जीप काढली. निलंग्याच्या डॉक्टरांनी दारातच पाहिलं आणि लातूरला पिटाळलं. औसा ओलांडताना तिनं माझा हात धरला होता. काही म्हणायचं होतं, पण आवाज तोंडात गरम घास असावा तसा येत होता. मला एक शब्दही कळला नाही.

लातूरच्या दवाखान्यात श्वासासाठी तिच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कधीपासून दुखत होतं?”

“दिवाळीच्या आदीपासून,” गुरुलिंग म्हणाला.

“घरी काय केलं?”

“हिची कीड काढली. शेकलं.”

बाईंनी हातातले मोजे काढले. मग कंटाळून नाही, सावकाशीनं सांगितलं. “कीड नव्हती हो दादा. अक्कलदाढ अर्धी वर आली होती. तिच्यावर हिरडीचा पदर होता. त्याच्याखाली अन्न अडकलं, पू झाला. पहिल्या काही दिवसांत कुठंही दाखवलं असतं तर नुसतं धुऊन, गोळ्या देऊन भागलं असतं. आता तो गळ्याखाली छातीत उतरलाय.”

नांदेडची गाडी रविवारी सकाळची होती.

अक्षरा मंगळवारी गेली.

तिसऱ्या दिवशी गुरुलिंग आमच्या ओसरीवर येऊन बसला. मला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, “गुर्जी, तुमच्या घरानं लई केलं हो पोरीसाटी. वैनी रातध्याड बसून व्हत्या. आमचंच नशीब.” मी त्याला पाणी दिलं. नागूबाई आत भिंतीला टेकून बसली होती. लातूरहून आल्यापासून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “डाक्टरीन म्हनती कीड नव्हती. मंग मी काय काढलं?”

पुढच्या आठवड्यात शरणम्मानं पुस्तक परत आणून दिलं. “वाचलं न्हाई तिनं. डोळे दुखून राहिले म्हनायची. पन उशाचं काडू द्यायची न्हाई. गुर्जींचं हाय म्हनायची.”

शरणम्मा गेल्यावर मी पुस्तक उघडलं. चिठ्ठी होती तिथं होती. माझ्या बोटांनी घातलेली घडी तशीच.

त्या दुपारी मी परसात परात मांडली. वीट ठेवली. लोखंड तापवलं. नागूबाई दारात येऊन उभी राहिली. “कुनाची दाढ हाय?”

“कुणाची नाही. बस.”

तिच्यासमोर बी टाकलं, गाडगं ठेवलं. देठ लावला नाही. आम्ही दोघं गाडग्याकडे बघत बसलो. मग मी ते उचललं.

तिनं पाण्यात बोट बुडवून एक पांढरा कण नखावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. कितीतरी वेळ बघत होती. मला वाटलं, रडेल. ओरडेल. इतकी वर्षं मी याच क्षणाला भीत आलो होतो.

“तुमाला कवापासून ठावं हाय?”

“सव्वीस वर्षं.”

तिनं नखावरचा कण पदराला पुसला.

“मला त ठावं नव्हतं,” ती म्हणाली.

एवढंच. उठली, फळीवरचा बियांचा डबा काढला आणि न्हाणीच्या मोरीत रिकामा केला. वर दोन तांबे पाणी ओतलं.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावातून एक माणूस गाल धरून आला. नागूबाई उंबऱ्यावरच म्हणाली, “मला येत न्हाई. ती कीड नसती. निलंग्याला जा, आजच जा.”

“अवो आई, मागल्या साली माजी काडली की तुमीच!”

“ती चूक व्हती माजी.”

माणूस पुटपुटत गेला. सगळं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. गावानं तिला वाळीत टाकलं नाही, कुणी हसलं नाही. दोन-तीन रविवार लोक येत राहिले, मग येईनासे झाले. मी ज्याला सव्वीस वर्षं भ्यालो ते एवढंच होतं.

ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढते. पपई पिकली की शरणम्माकडे नेऊन देते.

गुरुलिंग रोज संध्याकाळी शेतातून येताना ओसरीपाशी थांबतो, हात जोडतो. “बरं हाय न्हवं गुर्जी?” अक्षरानं मला विचारलं होतं आणि मला ठाऊक होतं, हे त्याला सांगायला हवं. रोज ठरवतो. तो थांबतो, मी चष्मा पुसतो, तो जातो.

परवा मी ते सगळं लिहून काढलं. चार पानं झाली. शनिवार, भांड्यांचा थांबलेला आवाज, माझं उत्तर, काही गाळलं नाही. घडी घालून त्याच प्रवासवर्णनात ठेवलं आणि काल पुस्तक गुरुलिंगच्या हातात दिलं. म्हणालो, “अक्षराच्या उशाशी होतं. तुझ्याकडेच राहू दे.”

त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. घरात नेऊन तिच्या फोटोपुढे ठेवलं. आज सकाळी खिडकीतून पाहिलं, त्यावर हळदीकुंकू आणि एक झेंडूचं फूल आहे.

ते आता कुणी उघडणार नाही. देताना मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.