गाडी बांधली तो रविवार

"चालवायची नाही तर बांधायची कशाला?" ताडपत्रीवर पाठ टेकवत तिने विचारलं.

"चालवायची नाही असं कुणी म्हटलंय? मी चालवायची नाही, एवढंच म्हणालेत डॉक्टर." नवऱ्याने पायानेच टॉर्च तिच्याकडे सरकवला. "घे. आणि केस बांध आधी. ग्रीस लागलं तर आठवडाभर निघायचं नाही."

केसांना रुमाल गुंडाळून ती गाडीखाली सरकली.

इतक्या वर्षांत ती या बाजूने गाडीला कधी भेटलीच नव्हती. गडद हिरव्या रंगाची, दोन माणसांची, बिनछपराची ही गाडी त्याने ऐन उमेदीत घेतली होती, आणि तेव्हापासून गाडी त्याची, शिलाई मशीन तिचं, अशी घरात सरळ वाटणी होती. तो पाणीखात्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर जमिनीखालच्या नळांच्या रेघा आखायचा आणि सुटीच्या दिवशी या शेडमध्ये गडप व्हायचा. ती पुढच्या खोलीत लोकांचे कपडे उसवायची, आत घ्यायची, सैल करायची. शेडमधून पान्याचा आवाज आणि पुढच्या खोलीतून मशीनचा. दोघांचं बोलणं असंच चालायचं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चमच्यात, मग सहीत. डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, देऊन टाका ना आता कुणाला तरी." तो "बघू" म्हणाला. पुढच्याच आठवड्यात घरी लांबलचक खोकं आलं. आत जाड लोखंडी पट्ट्या, दोन आडव्या दांड्या आणि बोल्टांची पिशवी.

"हे काय आणि?"

त्याने उत्तरादाखल तिचा बटणांचा पुठ्ठ्याचा डबा उचलला. झाकणासकट पिळून दाखवला. डबा ढिम्म हलला नाही. झाकण काढून पिळला, तर कोपरे वेडेवाकडे झाले. "ही आपली गाडी. छप्पर नाही म्हणून अशी लेचीपेची. खड्ड्यात गेली की सगळं अंग पिळवटतं बिचारीचं. खालून पट्ट्या मारल्या की सांगाडा ताठ होतो."

"कोण मारणार पट्ट्या?"

त्याने डबा खाली ठेवला आणि तिच्या हातांकडे पाहिलं.

तर आता ती खाली होती. चारही चाकांखाली जाड फळ्या सरकवून गाडी वर घेतली होती. जॅक तिने मारला होता, फळ्या त्याने पायाने ढकलल्या होत्या. गाडी लटकत ठेवून बांधायची नाही, असं तो पुन्हापुन्हा बजावत होता. गाडीने आपल्या पायांवर उभं राहायला हवं, नाहीतर वाकडी आहे तशीच आवळली जाईल.

खाली निराळंच जग होतं. बाहेरच्या उन्हाची एक लांब पट्टी, तिच्यात तरंगणारी धूळ आणि नवऱ्याचे दोन बूट. त्याचा आवाज वरून यायचा, पण विहिरीच्या तळाशी ऐकू यावा तसा. गाडीच्या पोटाला ठिकठिकाणी वाळलेली माती होती. कुठे तांबडी, कुठे करडी, एका सांदीत गवताची काडी. कुठल्या रस्त्याची असेल ही? तिने नखाने खरवडली आणि माती तिच्या गालावर सांडली. एकदम समुद्राचा वास आल्यासारखं वाटलं. ते दोघं, मुलगी व्हायच्या आधी, वारा इतका की बोललेलं काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी दोघं बोलत सुटले होते.

"झोपलीस का गं?"

"नाही. बघतेय."

"बघायचं नंतर. पुढचा बोल्ट लाव. आधी वायसर."

एकेक बोल्ट बसत गेला. तिचे हात सवयीने हलके होते. पाना तिला जड वाटला, पण परका नाही. मात्र शेवटच्या दांडीशी गाडं अडलं. भोक आणि भोक जुळेना. केसभराचा फरक, पण बोल्ट काही आत शिरेना.

"ढकल ना जरा."

"ढकलतेय."

"अगं, तिरकं धरून—"

"अहो, तिरकंच धरलंय!"

बूट दिसेनासे झाले. मग गुडघे दिसले, मग धापा टाकत तोच आडवा होऊन तिच्याशेजारी आत सरकला. तिने हातातला बोल्ट मुकाट्याने त्याला दिला. त्याने तो भोकाशी नेला. हात थरथरला, बोल्ट कडेवर टकटक वाजला आणि तिच्या खांद्यावर पडून कुठेतरी घरंगळला. दुसरा घेतला. तोही पडला.

त्याने हात छातीवर ठेवला आणि वर बघत राहिला. दोघं तसेच पडून राहिले, एका ठेंगण्या हिरव्या आभाळाखाली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पहिले आवळलेत ना मी, म्हणून होतंय हे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बाही एका टोकाकडून पक्की शिवत गेलं की दुसऱ्या टोकाला कापड उरतंच. सगळे सैल करते. आधी नुसते अडकवायचे."

तो हसला. "हे मीच सांगायला हवं होतं तुला. सगळे हाताने लावून मग आवळायचे. विसरलो बघ."

"कच्चा टाका म्हणतात त्याला."

"म्हण कच्चा टाका."

तिने सगळे बोल्ट ढिले केले. दांडी हलवली, जरा उचलली, आणि शेवटचा बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मग त्याने सांगितल्या क्रमाने, एक इकडचा, एक तिकडचा, असं करत तिने सगळे आवळले. प्रत्येक बोल्टाशी पाना 'टक' वाजला की तो नुसता "हं" म्हणायचा. ती बाहेर आली तेव्हा त्याने स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने तिच्या गालावरची माती पुसली. निम्मी पुसली, निम्मी पसरली.

फळ्या काढल्या, जेवणं उरकली, आणि त्याने गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली.

"मी? ही गाडी?"

"लायसन्स काय फ्रेम करून लावायला काढलंयस?"

पहिली दोन वळणं तिने जीव मुठीत धरून घेतली. मग कारखान्यामागचा उखडलेला रस्ता लागला. या रस्त्यावर गाडीचं सगळं अंग खुळखुळायचं. दारं कुरकुरायची, आरशातला मागचा रस्ता पाण्यातल्यासारखा हलायचा. तिने दात आवळले. गाडी खड्ड्यात गेली, एकदा ठणकन उसळली आणि झालं. दारं गप्प. आरसा स्थिर. त्यात मागचा रस्ता, झाडं, एक धावणारं कुत्रं, सगळं रेघारेघांनी आखल्यासारखं स्वच्छ.

"अहो, बघा ना आरसा!"

तो आरशाकडे बघत नव्हता. मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होता. ताठ झालेल्या गाडीत तो एकच हात हलत होता.

"मी डॉक्टरांशी भांडलो होतो," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, घरात थरथरत असेल, गाडीत बसलो की हात अगदी शांत असतो माझा."

तिने पुढचा खड्डा चुकवला.

"गाडीच हलत होती गं. त्यात हात हललेला मला कळतच नव्हता." मग जरा थांबून, "तुला ठाऊक होतं?"

"शेजारीच बसायचे ना मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खुशीत असायचात."

त्याने इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाला, "गिअर लवकर बदलतेस. थोडं ओढू दे तिला." तिने ओढू दिलं. इंजिनाचा सूर खालून वर चढला, दोन्ही बाजूंची शेतं मागे वाहू लागली, वाऱ्याने तिचा रुमाल सैल केला. आणखी काही चुका काढेल म्हणून ती वाट बघत राहिली. शेवटी तिने वळून पाहिलं.

तो झोपला होता. मान तिच्या बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, आणि हात मांडीवर अगदी निवांत. झोपेत तो हलत नाही, हे तिला रोजचंच होतं. उन्हात मात्र तिने ते आज पहिल्यांदा पाहिलं.

घराकडचं वळण आलं. तिने वेग कमी केला, पाय ब्रेकवर ठेवला, आणि मग अलगद काढून घेतला. वळण मागे गेलं, आरशात लहान होत होत दिसेनासं झालं. ती सरळ चालवत राहिली.