धुतलेलं पान

मी ढालकिडा बोलतेय. तुम्ही मुलं मला लेडीबग म्हणता. नावात किडा असला तरी मी मादी आहे, तेवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म घेवड्याच्या पानाखाली झाला. बारीक पिवळी अंडी पानाला चिकटवून आई जी उडाली ती उडालीच; आमच्यात तशीच रीत आहे. विज्ञानाच्या बाईंनी ते पान बरणीत घातलं, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवली.

चार दिवसांनी आम्ही अकरा जण बाहेर आलो. काळे, काटेरी. वर्गाचा पार हिरमोड झाला. “बाई, लाल कुठंय? ठिपके कुठंयत?” कोणीतरी तर “शी!” म्हणालं. अहो, तुम्ही तरी जन्मतः दाढीमिशा घेऊन आला होतात का?

आमचं खाणं म्हणजे मावा. कोवळ्या पानांमागे चिकटून रस पिणारे ते इवलेसे हिरवे किडे. माव्याचं पान रोज आणायचं, आठवड्याला एकाची पाळी. पहिला आठवडा मजेत गेला. दुसरा आला टापटीपकडे. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायची, म्हणून पोरीचं नावच तसं पडलेलं.

सोमवारी पान आलं ते लखलखीत! मंगळवारीही तसंच. त्यावर खायला काही म्हणजे काही नाही. बुधवारी आम्ही सात उरलो, गुरुवारी पाच. भूक लागली की आमच्यात भाऊ-बहीण कोणी राहत नाही.

“हिनेच मारले!” वर्ग तिच्यावर तुटून पडला. तिला रडू फुटलं. “मी तर रोज तीनदा पान धुऊन आणत होते, बाई! मागे इतकी घाण असायची, सगळी रुमालाने पुसून काढायचे.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं वेडाबाई, ती घाण नव्हती, तो त्यांचा डबा होता.”

सगळे खो खो हसले. ती हसली नाही. शुक्रवारी तिने न धुतलेलं पान आणलं, हात लांब धरून, तोंड फिरवून. मी इतकं हादडलं की विचारू नका.

काही दिवसांनी मी काचेला चिकटले आणि कोष केला. हलणं-डुलणं बंद. “मेला वाटतं हाही, टाकून द्या,” मुलं म्हणाली. टापटीप बरणी पोटाशी धरून उभी राहिली. “हात तर लावून बघा!” सहा दिवस मधली सुट्टी तिने त्या खिडकीशीच काढली. सातव्या दिवशी मी बाहेर आले. आधी फिकट पिवळी, कोरी. मग हळूहळू लाल, सात ठिपक्यांची.

आज आम्हाला सोडताहेत. बाकीचे चौघे उडाले. मी तिच्या बोटावर आहे. घाबरलो की आमच्या पायांतून पिवळा, वाईट वासाचा थेंब येतो. तो तिच्या बोटाला लागलाय. तिने हात झटकला नाही. हळूच म्हणतेय, “माफ कर गं. तुझी सहा भावंडं माझ्यामुळे गेली.”

मला तिची भाषा कळते, पण बोलता येत नाही. तुम्ही तिला भेटलात तर एवढं सांगा: त्या सहांतली दोन मी खाल्ली, आणि म्हणून मी जगले. सगळा दोष एकटीने घेऊ नकोस म्हणावं.

निघते मी.