तीच माणसं की वेगळी?

तुम्ही वाचत नाही. आकडे ओतता, पहिलं दिसेल ते बटण दाबता आणि उत्तर मनासारखं आलं नाही की मलाच खोटं ठरवता.

मी इंटरनेटवरचा एक कॅल्क्युलेटर आहे. दोन सरासऱ्यांमधला फरक खरा की निव्वळ योगायोगाचा, एवढंच सांगतो. रोशनी नागपूरच्या मिहान उद्योगनगरीत नोकरी करते; सुट्टीच्या दिवशी रामदासपेठेतल्या खोलीत बसून तिने मला घडवलं, सगळ्यांना फुकट वापरता यावं म्हणून. आधी मी एक प्रश्न विचारावा, असा तिचा हट्ट होता : दोन्ही वेळा माणसं तीच, की वेगळी?

तिचा मित्र उन्मेष हसला. "इतकं इचारशील तं लोक पळून जातीन वं!"

प्रश्न गेला. दोन बटणं उरली, त्यातलं ‘वेगळे गट’ आधीच निवडलेलं. ही चूक मात्र आमची.

मग कळमेश्वरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचे अधीक्षक धम्मानंद सर यांनी मला उघडलं. बारा मुलींना तीन महिने तीळ-गुळाचे लाडू दिले होते. हिमोग्लोबिनची सरासरी ९.६ वरून १०.२ झाली होती. वाढ खरी ठरली तर वसतिगृहातल्या साठही मुलींना लाडू मिळणार होते, नाही तर सोमवारपासून बंद.

मी म्हणालो, फरक सिद्ध होत नाही.

सरांनी चिडून माझ्या पानावरच्या नंबरवर रोशनीला फोन लावला. "तुमचं यंत्र खोटं बोलून राहिलं!"

"सर, दोन्ही वेळा त्याच पोरी होत्या ना?"

"हो. काहून?"

"मग ‘वेगळे गट’ काहून निवडलं?"

"मी कुठं निवडलं? आधीच होतं तिथं!"

रोशनीला चूक कळली. मुलीमुलींत मुळातच इतका फरक होता, की वाढ त्यात बुडाली होती. प्रत्येकीची तुलना तिच्याच आधीच्या आकड्याशी व्हायला हवी होती. सरांनी दुसरं, ‘तीच माणसं’चं बटण दाबलं. लाडवांमुळेच, असं मी छातीठोक सांगत नाही. पण वाढ योगायोगाची नव्हती. साठ मुलींचे लाडू वाचले.

रोशनीने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून तो प्रश्न मला परत दिला. आता उत्तर दिल्याशिवाय मी हलत नाही. कुरकुर करा, पण एक ओळ वाचा. तिच्यामागे कुणाचं तरी ताट असतं.

फोन अजून चालूच होता. सरांच्या मागून वसतिगृहात लाडू वळणाऱ्या सरिताबाईंचा आवाज आला, "मशीनच्या आधी मले इचारलं असतं तं! त्याच बारा पोरी हायेत बाप्पा, एकेकीले नावानं हाक मारून खाऊ घालून राहिली मी."