आठ दिवसांचा नियम

सारजाबाईंना ती वही ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. मुळशी खोऱ्यातला सहा खाटांचा दवाखाना तो. जखमा बांधाव्यात, सुया टोचाव्यात, अडलेल्या बाया सोडवाव्यात आणि गप बसावं, एवढीच नर्सकडून सरकारची अपेक्षा. पण बाई गप बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात चार वर्षं नोकरी करून आलेल्या. हितं कुणी कण्हेरीची मुळी खाऊन आलं, कुणाला विहिरीतून काढून आणलं, की डॉक्टर पोट धुवायचे, जीव वाचवायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी धाडायचे. महिन्याभरात तेच माणूस पुन्हा बाजेवर घालून आणलेलं असायचं. कधी आणायची गरजच उरायची नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. "पोट धुतलंत डॉक्टर, पण डोक्यात काय चाललंय ते कुणी बघायचं?" असं तोंडावर विचारायच्या.

मग बावन्न सालापासून त्या लिहू लागल्या. नाव, गाव, काय केलं, किती दिवस ठेवलं. आणि दर बाजारच्या दिवशी त्या त्या गावचं माणूस गाठून विचारायच्या, "काय हो, तुमच्याकडची अमकी बरी आहे ना?" सात वर्षांत त्रेचाळीस माणसं झाली. घाईनं घरी गेलेल्या सत्तावीस जणांतली अकरा पुन्हा जीव देऊन गेली होती. पण ज्या सोळा जणांना सलग आठ दिवस नीट जेवेपर्यंत, झोपेपर्यंत, बोलेपर्यंत ठेवून घेतलं, त्यातलं एकही गेलं नव्हतं. एकसुद्धा नाही! झाला नियम. डॉक्टर आधी हसले, मग वही वाचून गंभीर झाले आणि त्यांनी सगळं टाइप करून पुण्याला पाठवलं. मोठ्या डॉक्टरांच्या सभेत ते वाचलं जाणार होतं. सारजाबाईंचे पाय तेव्हा जमिनीला लागत नव्हते, खोटं कशाला बोला.

त्याच सुमारास रिह्याच्या वरच्या वाडीतनं कमळला आणली. बाजेला दाव्यानं बांधून.

वीस वर्षांची पोर, बाळंत होऊन अकरा दिवस झालेले. ही मुलगी माझी नव्हे, माझी कुणी बदलून नेली, असं म्हणत ती दोनदा विहिरीकडं धावली होती. नवरा गोमा दाव्याचं टोक धरून रडत होता. सासू कृष्णाबाई नातीला पदराखाली घेऊन उभी होती.

"देवऋषी म्हणतोय, आसरांनी धरलीया," ती म्हणाली. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. "खरं हाय का वो बाई?"

"आधी दावं सोडा!" बाई कडाडल्या. "जनावर आहे का ती?"

दावं सुटलं. बाईंनी झोपेचं इंजेक्शन दिलं आणि उशाशी ठाण मांडलं. पंधरा-सोळा दिवस त्यांनी तिला हातानं भरवलं, तिच्या केसांतला गुंता काढला, तिच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तर दंडाला चावाही घेतला तिनं. हिला मी जाऊ द्यायची नाही, असं बाईंनी मनाशी घट्ट धरलं होतं. गोमा रोज डोंगर उतरून यायचा आणि तेच विचारायचा, "कधी सोडाल?" बाई खाटेशी उभ्या राहून तेच सांगायच्या, "आठ दिवस सलग जेवली, झोपली, चार शब्द नीट बोलली, की घेऊन जा. एक दिवस कमी चालायचा नाही."

आणि एके सकाळी कमळनं आपणहून भाकरी मागितली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं!

दुसऱ्या दिवशी ती झोपून ताजी उठली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या, कासार आंबोलीच्या पाय मोडलेल्या लिलाबाईशी बोलत बसली. पाचव्या दिवशी सासूनं आणलेल्या पोरीला मांडीवर घेतलं. रोज सकाळी विचारायची, "बाई, आज कितवा दिस?"

"सहावा गं माझे बाय," बाई हरखून सांगायच्या.

एक गोष्ट बाईंना खटकली होती, नाही असं नाही. पोरीला ती मांडीवर घ्यायची, पण तिच्या तोंडाकडं बघायची नाही. पण वहीत जेवण होतं, झोप होती, बोलणं होतं. याला रकाना नव्हता.

आठव्या दिवशी कृष्णाबाई आली. "सव्वा महिना भरतोय बाई. विहीर पुजायचीया."

"विहिरीचं सध्या राहू द्या," बाई चटकन बोलल्या.

"आवो, त्याबिगर तिला घरातल्या पाण्याला शिवता येत न्हाई. चुलीला शिवता येत न्हाई."

तेवढ्यात कमळ हसून म्हणाली, "बाई, मी बरी हाय आता. आठ दिस भरलं की."

भरले होते. बाईंनी वही उघडली, पुन्हा मोजले, आणि सही करून तिला सोडली. दाराजवळच्या खाटेवर उरवड्याचा कुशाबा होता. बायको वारल्यावर त्यानं कण्हेर खाल्ली होती. त्याच्या भावालाही बाईंनी त्याच दिवशी, कुशाबाच्या देखत नियम सांगितला.

कमळला सोडल्यापासून पाचव्या दिवशी गोमा आला. एकटाच. दारात मटकन खाली बसला.

"सगळ्या बाया वर हुब्या व्हत्या," तो सांगू लागला. "पयली घागर बाळंतिणीनं एकटीनं भरायची. दुसऱ्या कुणाची सावली पाण्यावर पडू द्यायची न्हाई, म्हणून सगळ्या लांब. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठिवला. आई म्हणली, जा गं. ती पायऱ्या उतरली. बाया गाणी म्हणत व्हत्या... लई येळ झाला तवा बघितलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आमी पाळतीवर न्हवतोच बाई. तुमीच म्हणला व्हता ना, आठ दिस झालं की बरी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता, त्यानं शिव्या दिल्या असत्या, तर बाईंना ते सोसलं असतं.

डॉक्टर बाहेर आले. "सारजाबाई, सतरांत एक. त्यानं तुमचा नियम खोटा ठरत नाही. पुण्याला आपण आकडा दुरुस्त करून..."

"आग लागो तुमच्या आकड्याला!" बाई ओरडल्या. सात वर्षांत त्या डॉक्टरांवर अशा कधी ओरडल्या नव्हत्या.

गोमा उठून गेला. पोरगी भुकेनं रडतीया, एवढंच म्हणाला.

मग लिलाबाईनं हाक मारली. "बाई, रागवू नगा. तिनं मला तिसऱ्याच दिशी सांगितलं व्हतं. म्हणली, लिलाआजे, आठ दिस खायाचं, निजायचं, हसायचं, मग सोडत्यात. मला वाटलं, घरची वढ लागली पोरीला." ती पदर तोंडाला लावून रडू लागली.

बाईंना आठवलं, दोन-अडीच आठवडे रोज, तिच्या उशाशी, खणखणीत आवाजात आपणच तिला शिकवलं होतं. भाकरी मागायची कधी, हसायचं किती दिवस. आणि त्या आधीचे सोळा? ते बरे झाले होते, की नुसते अजून जगत होते? वही टेबलावर पडली होती. तिला हात लावायचं बाईंना धैर्य होईना.

दाराजवळ कुशाबानं भाकरी संपवली, ताटलीत हात धुतला आणि बाईंकडं बघून हसला.

"बाई," तो म्हणाला, "आज माझा पाचवा दिस ना?"