नवव्या वाफ्याची मुळं

नवव्या वाफ्यातल्या पानांचा अहवाल हब्सूने तीनदा वाचला. मारादी शहराबाहेरच्या संशोधन शेतावर शेवग्याचे बारा वाफे ती चौदा महिने सांभाळत होती. चार वाफ्यांना युरिया, चारांना शेळ्यांचं लेंडीखत, आणि चारांना काहीच नाही, नुसतं पाणी. दर सहा आठवड्यांनी छाटणी, पाल्याचं वजन, मग सावलीत वाळवून पानं प्रयोगशाळेत. आकडे आजवर समजुतीने वागले होते. युरियाचा पाला सगळ्यांत जास्त, प्रथिनंही भरपूर. लेंडीखताचा थोडा कमी, पण त्यात लोह आणि कॅल्शियम अधिक. उपाशी वाफ्यांचा जेमतेम पाटीभर.

नववा वाफा उपाशी होता. त्याच्या पानांतलं लोह मात्र लेंडीखताच्या वाफ्यांइतकं आलं होतं.

“कुणीतरी खत टाकलंय,” शेताचे प्रमुख मालम हारुना म्हणाले. “कुणी, ते तुलाही माहीत आहे. उद्यापासून पाण्याला दुसरी बाई बघ.”

पाणी घालायचं काम इन्ना डेलूचं होतं. उपाशी वाफ्यांपाशी आली की ही म्हातारी रोज बोलायची, “पाहुण्याला पाणी विचारता आणि जेवायचं नाही विचारत? काय माणसं आहात!” सगळे हसायचे. आता ते बोलणं तिच्या अंगाशी येत होतं.

इन्ना डेलू पाट मोकळा करत होती. हब्सूने विचारलं, तेव्हा तिने फावडं खाली ठेवलं.

“मी?”

“इन्ना, दया येऊन मूठभर टाकलं असेल तर सांगा. मी सांभाळून घेईन.”

“तुम्ही कात्सिनावाले असेच. स्वतःची बकरी हरवली की आधी शेजारणीचं पातेलं हुंगता.” हब्सूच्या कात्सिना गावावरून अशी थट्टा रोजचीच, एरवी याच्यावर दोघी हसल्या असत्या. आज इन्ना हसत नव्हती. “तू ‘नको’ म्हणालीस ना? मग नाही घातलं. वाईट वाटलं, बोलले, पण घातलं नाही. साऱ्या गावात मला चोर ठरवून घालवणार आहेस का, पोरी?”

“मग लोह आलं कुठून?”

“मला काय विचारतेस? झाडाला विचार. खण.”

हब्सूला ते टोमण्यासारखं वाटलं. पण वाफ्याच्या वरच्या मातीत लेंडीचा एक कण सापडेना. चाळणीतून तीन पाट्या माती काढली, तरी नाही. तेव्हा तिने खुरपं घेतलं आणि वाफ्याच्या कडेला गुडघे टेकले.

नवव्याच्या डावीकडे युरियाचा वाफा होता, उजवीकडे लेंडीखताचा. मध्ये दोन्हीकडे दोन-दोन हातांची वाट. तिने डावीकडे खणलं. चार-पाच आखूड मुळं, वाटेच्या काठाशीच थांबलेली. मग उजवीकडे. वीतभर खाली पांढरं, करंगळीएवढं जाड मूळ लागलं. मुळ्यासारखा तिखट वास नाकात गेला. तिने खुरपं टाकलं आणि बोटांनी माती सारायला सुरुवात केली.

मूळ वाटेखाली शिरलं होतं. शेजारी दुसरं, मग तिसरं. पायांनी तुडवून दगडासारख्या झालेल्या मातीखालून ती सगळी एकाच बाजूला निघाली होती. कुठे खडा आडवा आला, तिथे वळसा घेऊन पुन्हा त्याच दिशेला. इन्ना डेलू समोर येऊन बसली आणि पलीकडून खणू लागली. मालम हारुना आले, “काय चाललंय?” म्हणाले आणि खाली पाहून त्यांनी चपला काढल्या. का काढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लेंडीखताच्या वाफ्यात शिरताच प्रत्येक मुळाला केसांसारखे तंतू फुटले होते. अर्धी कुजलेली एक लेंडी हब्सूने उचलून पाहिली, ती उचलेना. तंतूंनी ती सगळीकडून धरली होती, आरपार गेली होती. मूळ कुठे संपतं आणि लेंडी कुठे सुरू होते, ते खिशातल्या भिंगातूनही कळेना.

“चौदा महिने,” ती पुटपुटली. “रोज या वाटेवरून जात होते मी.”

“इन्ना,” मालम हारुना खाकरून म्हणाले, “माझं चुकलं.”

“माझंही,” हब्सू म्हणाली.

“चुकलंच तुमचं,” इन्ना म्हणाली. पण तिची नजर खड्ड्यावरून हलली नाही. “आता कापणार ही?”

वाफे वेगळे ठेवायचे तर मध्ये खोल चर हवा, पत्रा हवा. बाकीच्या वाफ्यांना उद्याच करावा लागणार होता. नवव्याचा आकडा तर गेलाच होता. हब्सूने मालमकडे पाहिलं.

“हा वाफा प्रयोगातून काढते,” ती म्हणाली. “अहवालात कारण लिहीन.”

“काय लिहिशील?”

इन्ना डेलू उठली, गुडघ्यांवरची माती झटकली आणि पाट सोडायला निघून गेली. ऊन चढत होतं, उघडी मुळं कोमेजली असती. हब्सूने ओंजळीत माती घेतली आणि एकेका मुळावर अलगद पसरू लागली, हळूहळू, वाटेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.