अडतीस

दीपंकरने कोरा कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि त्यावर स्टीलची पट्टी टेकवली. कागदाच्या उजव्या अंगाला एकाखाली एक चार काळे ठिपके उतरले होते. चारही एका सरळ रेषेत. पहिल्यापासून दुसरा साडेसात सेंटिमीटर. दुसऱ्यापासून तिसरा साडेसात. चौथा त्याने मोजला नाही.

"ड्रम गेलाय," तो म्हणाला.

लॅबचा मालक नागेंद्र मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता. त्याने नुसती मान हलवली. रिपोर्टांवर डाग पडतात अशी तक्रार कामावरच्या नव्या मुलीने तीनदा केली, तेव्हा कुठे त्याने दीपंकरला बोलावलं होतं.

लेझर प्रिंटरच्या पोटात पाचसहा रूळ फिरत असतात आणि प्रत्येकाचा घेर वेगळा असतो. एखाद्या रुळाला ओरखडा गेला की तो दर फेऱ्याला कागदावर खूण सोडत जातो, तेवढ्याच अंतरावर, न चुकता. अंतर मोजलं की रूळ सापडतो; साडेसात म्हणजे ड्रम, ज्यावरून अक्षरं कागदावर उतरतात तो रूळ. निपाणीत अठरा वर्षं हेच काम करणाऱ्या दीपंकरला आता पट्टीचीही फारशी गरज उरली नव्हती. तरी तो दर वेळी मोजायचा.

त्याने कार्ट्रिज बाहेर काढून उलटं केलं. ड्रमच्या हिरव्या अंगावर, कडेपासून चार बोटं आत, मोहरीएवढा टवका उडालेला होता. कार्ट्रिजच्या पाठीवर मार्करने लिहिलं होतं, 'दी. १२/८'. अक्षर त्याचंच होतं. शाईची पावडर भरली की तो आपलं आद्याक्षर आणि तारीख टाकायचा.

बारा ऑगस्ट त्याला आठवला. लॅबमध्ये दाराबाहेरपर्यंत माणसं उभी होती. टवका त्याला त्या दिवशीच दिसला होता, आतापेक्षा बारीक. दुकानात ड्रम शिल्लक नव्हता, बेळगावहून सोमवारी यायचा होता. तोवर चालेल म्हणून त्याने नुसती पावडर भरली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सोमवारी ड्रम आला तो दुसऱ्याच कुणाच्या मशीनला गेला.

त्याने कार्ट्रिज परत बसवलं आणि मुलीला आजचे दोनचार रिपोर्ट टाईप करून छापायला सांगितलं. पहिल्या कागदावर ठिपका पेशंटच्या वयाशेजारी पडला. दुसऱ्यावर मोकळ्या जागेत. वरखाली जागा बदलत होती, पण रेषा तीच. तिसऱ्या कागदावर तो आकड्यांच्या रकान्यात, एका आकड्याला अगदी चिकटून, दशांशाच्या टिंबासारखा बसला होता. दीपंकरने तो कागद उचलून घेतला.

दिपालीची हकिगत निपाणीत सगळ्यांना ठाऊक होती. ती या लॅबमध्ये चार वर्षं होती. रक्त घ्यायची, तपासायची, रिपोर्ट टाईप करायची. ऑगस्टमध्ये संकेश्वरकडच्या एका गावातली जयाबाई नावाची बाई थकवा येतो, अंग सुजतं म्हणून आली. थायरॉइडच्या तपासणीत आकडा आला अडतीस. पाचच्या आत असायला हवा तो. दिपालीने रजिस्टरात अडतीस लिहिलं, पण हातात पडलेल्या कागदावर होतं तीन पॉइंट आठ. गावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, नॉर्मल आहे म्हणाले आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पाच आठवड्यांनी जयाबाई चुलीपुढे बसल्या जागी बेशुद्ध पडली. बेळगावात नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. पण तिचा नवरा परशराम लॅबमध्ये येऊन माणसांसमोर दिपालीला नको नको ते बोलून गेला आणि त्याच दुपारी नागेंद्रने तिला घरी पाठवलं. कॉम्प्युटरमध्ये काही पुरावा नव्हता. लॅबमध्ये एकाच फाईलवर एकामागून एक रिपोर्ट टाईप होत. नवा आला की जुना पुसला जाई.

"जयाबाईचा रिपोर्ट किती तारखेचा?" दीपंकरने विचारलं.

"आता कशाला ते? मिटलंय."

"तारीख सांग."

"वीस ऑगस्ट." नागेंद्रने मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. "रजिस्टरात अडतीस, कागदावर तीन पॉइंट आठ. टाईप कुणी केलं? तिनंच."

"ते टिंब तिनं टाईपच केलं नसंल तर?"

नागेंद्रने नव्या मुलीला बाहेर जाऊन पेशंटांची नावं घ्यायला सांगितलं. ती गेल्यावर तो हळू आवाजात बोलला.

"दीपंकर, ड्रम बदल आणि जा. पावडर कुणी भरलीती, ते मी अजून विचारलेलं न्हाय."

दीपंकरने ड्रम बदलला. चाचणीचा कागद स्वच्छ निघाला. काढलेला ड्रम त्याने जुन्या पेपरात गुंडाळून पिशवीत टाकला.

दोन दिवस तो कुठेच गेला नाही. दुकानात बसून त्याने हातातली कामं उरकली, नवीन घेतली नाहीत. बायकोने काय झालं विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाला. एकदा वाटलं, त्या रिपोर्टावरचं टिंब कशावरून आपल्याच ड्रमचं? दिपालीच्या हातून खरंच पडलं असेल. या विचाराने त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मग शरम वाटायला लागली. ते टिंब ड्रमचं असेल, तर जयाबाईच्या त्याच कागदावर साडेसात सेंटिमीटरवर त्याचा जोडीदार असणार होता. रविवारी सकाळी त्याने पट्टी पिशवीत टाकली आणि मोटारसायकल काढली.

जयाबाई अंगणात बाजेवर बसली होती. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं, तरी तिने शाल घट्ट लपेटली होती. परशराम गोठ्याच्या दाराशी वैरण तोडत होता. दीपंकरने आपलं नाव सांगितलं, निपाणीत प्रिंटर दुरुस्त करतो म्हणाला, आणि तो जुना रिपोर्ट बघायला मागितला. परशरामने कोयता खाली ठेवला. लॅबवाल्यांनी पाठवलंय का, म्हणून विचारलं. नाही, आपणच आलो, असं दीपंकरने सांगितल्यावर तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद घेऊन आला.

दीपंकरने रिपोर्ट बाजेच्या कडेवर पसरला. तीन, मग टिंब, मग आठ. टिंब अगदी जागच्या जागी होतं. कुणालाही ते टिंबच वाटलं असतं. त्याने पट्टी लावून खाली साडेसात सेंटिमीटर मोजले. तिथे सहीच्या शेजारी कोरी जागा होती आणि त्या जागेत, तेवढाच, तसाच एक ठिपका होता. वरच्या बाजूला मोजलं तर नावाखालच्या आडव्या रेघेवर एक बारीक फुगवटा सापडला. आजवर डॉक्टरांनी, नागेंद्रने, परशरामने हा कागद पुन्हापुन्हा बघितला होता. पण सगळ्यांनी आकडाच बघितला होता.

त्याने परशरामला तिन्ही जागा दाखवल्या. मग पिशवीतून ड्रम काढून टवका दाखवला, रूळ फिरवून कसं होतं ते सांगितलं. परशराम शेतकरी माणूस, गाडीच्या चाकाची खूण वाटेवर कशी उमटत जाते ते ठाऊक असलेला; त्याला ते लगेच समजलं.

"म्हणजे पोरीनं न्हाय केलं."

"न्हाय."

"मग कुणी?"

"मी," दीपंकर म्हणाला. "हा टवका मला आधीच दिसलावता. बदलायचा राहिला. मी कुणाला बोललो न्हाय."

परशराम उठून गोठ्यात गेला. म्हशीपुढे वैरण भरपूर होती, ती त्याने सगळी ओढून काढली आणि परत घातली. दीपंकर उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

जयाबाई पहिल्यांदा बोलली. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते.

"ह्यांनी लई बोललं तिला. सगळ्यांम्होरं. ती उलटून काय बोलली न्हाय म्हनं. नुसती माफी मागत हुती."

"मी बोललो त्ये आता माघारी घेता येत न्हाय," परशराम गोठ्यातून म्हणाला. तो बाहेर आला, घरात गेला आणि नातवाची वही घेऊन आला. "तुमी आता सांगितलं त्ये लिवून द्या. मशीनवर नगं. हातानं लिवा."

दीपंकरने उभ्या उभ्याच, वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिलं. तारीख, ड्रम, टवका, ठिपक्यांचं अंतर. शेवटी, आकड्यातलं टिंब दिपालीने टाईप केलेलं नाही, या ठिपक्याला मी जबाबदार आहे. सही केली, पूर्ण नाव लिहिलं. परशरामने ते सावकाश वाचलं, पान फाडून घेतलं आणि दीपंकरला मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढू दिला. मग रिपोर्ट त्याच्या हातात दिला.

"ह्यो तिला दावा. पर माघारी आनून द्या." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमच्याविषयी काय करायचं त्ये मी अजून ठरवलं न्हाय."

"व्हय," दीपंकर म्हणाला.

तो वळला तेव्हा जयाबाईने हात वर करून त्याला थांबवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचं होतं. बेळगावात सुया टोचून टोचून तिचे हात काळेनिळे केले होते.

"तिला इचारा," ती म्हणाली, "यील का."

वाटेत संकेश्वरला त्याने गाडी थांबवली आणि त्या पानाचा फोटो नागेंद्रला पाठवला. नागेंद्रने तो बघितल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही.

दिपाली निपाणीतच राहत होती. दीपंकर पोचला तेव्हा दुपार कलली होती. तिची आई मंगल उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्यांसाठी पानं कातरत होती. दिपाली तिच्याशेजारी तंबाखू भरत बसली होती. शिकलेल्या पोरीने विड्या वळायच्या नाहीत असं मंगलने एकेकाळी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. आता तिने सूप जरा बाजूला सरकवलं आणि दीपंकरला बसायला पाट दिला.

त्याने सगळं सांगितलं. बारा ऑगस्टपासून, काही न गाळता. दिपालीने खाली मान घालून ऐकलं. त्याचं बोलून झाल्यावर तिने मान वर केली.

"न्हाय, दादा. टिंब मीच दाबलं. मला आठवतंय."

"काय आठवतंय?"

"सगळं. बाहेर एक बाळ रडत होतं. सर हाका मारत होते. मी तीन दाबलं, आणि ह्या बोटानं टिंब दाबलं." तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "पहिले आठ दिवस आठवत नव्हतं. सगळे म्हणत होते म्हणून आठवून बघत होते. मग आठवलं. आता डोळे मिटले की रोज दिसतंय."

मंगलची कातर थांबली.

दीपंकरने वाद घातला नाही. त्याने रिपोर्ट तिच्यापुढे फरशीवर ठेवला आणि वर पट्टी ठेवली. दिपालीने हाताची तंबाखू पदराला पुसली. आधी तिने वरून खाली मोजलं. मग खालून वर. मग पट्टी उलटी करून पुन्हा एकदा. खालच्या कोऱ्या जागेतल्या ठिपक्यावर तिने तेच बोट ठेवलं.

"हितं तर मी काहीच टाईप केलेलं नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाय."

ती बोट न हलवता बसून राहिली. गल्लीतून कुणीतरी मंगलला हाक मारून गेलं, मंगलने ओ दिली नाही. दीपंकरला आता क्षमा मागायची होती. सबंध वाटेत त्याने त्याचीच जुळवाजुळव केली होती. पण दिपालीच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं की हा क्षण तिचा आहे, त्यात आपण शिरू नये. तो एवढंच म्हणाला, की जयाबाई आता घरी आहे, पुढच्या महिन्यात रक्त तपासायचं आहे, आणि ते घ्यायला तू येशील का असं तिने विचारलं आहे.

दिपालीने रिपोर्टाची जुनी घडी होती तशीच घातली आणि तो त्याला परत दिला.

"त्यांची शीर डाव्या हाताला सापडते," ती म्हणाली. "उजव्या हाताला शोधत बसलं, तर दुखतं त्यांना."