जनावरांच्या कपाटातला ड्रॅगन

मी एक पुस्तक बोलतोय, आणि जरा हळूच बोलतोय, कारण दाराशी रद्दीची गाडी लागली आहे. 

माझं नाव 'ड्रॅगनची निगा'. एका भावानं मला लिहिलं, त्याच्या बहिणीनं चित्रं काढली. काम करताना दोघं इतकी हसायची की शेजारी भिंत ठोकायचे. माझा नायक महापराक्रमी. शिरस्त्राण म्हणून डोक्यावर पातेलं, हातात उलटा धरलेला नकाशा. निघतो ड्रॅगनला ठार करायला, तर ड्रॅगनला झालेली सर्दी! तोंडातून आग निघेना, नुसता धूर आणि शिंका. मग आमचा वीर तलवार बाजूला ठेवून त्याला वाफारा देत बसतो. एवढीच माझी गोष्ट.

वाचनालयात आलो आणि घात झाला. ग्रंथपालभाऊ शिस्तीचे, पण नवीन पुस्तकं लावताना फक्त नाव वाचायचे. त्यांनी मला पशुसंवर्धनाच्या कपाटात, गाईंचे आजार आणि कुक्कुटपालन यांच्या मधोमध बसवलं. तिथे येणारी माणसं कामाची. एका कोंबडीवाल्या काकांनी मला चाळलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि "यात खुराकाचं काहीच नाही!" म्हणत परत कोंबलं. मला कधी कुणी घरी नेलं नाही.

इथला नियम असा, की वर्षानुवर्षं जागचं न हललेलं पुस्तक रद्दीत जातं. एखाद्या वाचकानं मागितलं तरच सुटतं. आज सकाळी भाऊंनी माझ्या पाठीवर लाल खूण केली आणि मला खोक्यात टाकलं. कुक्कुटपालन राहिलं, बरं का. मला रडूच आलं.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. खोक्यात मी वरच होतो. वीर ड्रॅगनला "आ कर, जीभ दाखव" म्हणतो, नेमकं ते पान त्यांनी उघडलं आणि त्या फिसकन हसल्या.

"भाऊ, हे वाचाच हो! मी रोज हेच करते. फक्त माझा पेशंट शिंगं उगारतो."

"बाई, हळू. हवंय का तुम्हाला?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "काय? गाय अडली? आले, आले!" मला टेबलावर उघडाच टाकून त्या धावत सुटल्या. हवंय की नको, ते सांगायचं राहूनच गेलं.

भाऊंनी मला उचललं ते खोक्यात टाकायलाच. पण सहज एक ओळ वाचली. मग खुर्ची ओढली. आता त्यांचा चष्मा नाकावर घसरलाय आणि खांदे गदगदा हलतायत.

"साहेब, हे पण न्यायचं का?" गाडीवाला विचारतोय.

"थांब रे जरा. शिंक येतेय त्याला."

मला मात्र हसू येत नाही. भाऊंनी उभ्या आयुष्यात नियम मोडलेला नाही, आणि स्वतःच्या नावावर एकही पुस्तक नेलेलं नाही. माझी थोडीच पानं उरली आहेत आणि ते भराभर उलटतायत. भाऊ, सावकाश वाचा ना! आणि तुम्ही कुणी जवळपास असाल, तर आत या. मला मागा.